सायक्लोट्रॉन टेबलावर मावत नाही

खंडन करायचं तर पूर्वपक्ष असा मांडावा की त्याच्या कैवाऱ्यानेही मान डोलवावी, हा आपल्याकडच्या वादाचा जुना नेम. तो मोडायचं कारण नाही.

पूर्वपक्ष असा. कर्करोगाच्या गाठीवर क्ष-किरण सोडले तर ते शरीरात शिरल्यापासून पलीकडे बाहेर पडेपर्यंत वाटेतल्या सगळ्यालाच थोडंथोडं जाळत जातात. प्रोटॉनचं तसं नाही. तो ठरावीक खोलीपर्यंत जातो, तिथे बहुतेक ऊर्जा टाकतो आणि थांबतो. गाठीच्या मागचा अवयव वाचतो. रॉबर्ट विल्सन यांनी ही कल्पना १९४६ मध्ये मांडली आणि १९५४ मध्ये बर्कलीला तिचा माणसावर पहिला प्रयोग झाला. अडचण यंत्राची. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक संस्थेतलं प्रोटॉन केंद्र २०२३ च्या मे महिन्यात देशाला अर्पण झालं. तिथल्यासारखा, प्रोटॉनांना वेग देणारा सायक्लोट्रॉन दोनशे टनांहून जड असतो आणि झोत रुग्णाभोवती फिरवणारा ‘गँट्री’ नावाचा पोलादी सांगाडा आणखी शंभर टनांचा. आता लेझरकडे पाहा. त्याचा एक अतिलघु, अतितीव्र स्पंद मायक्रॉनभर जाडीच्या पत्र्यावर मारला की पलीकडून प्रोटॉन सुसाट निघतात. नेहमीच्या त्वरकात एका मीटरला काही कोटी व्होल्टच्या पलीकडे जाता येत नाही, कारण धातूच्या पोकळीत ठिणग्या पडू लागतात. प्लाझ्मात, म्हणजे स्पंदाने इलेक्ट्रॉन आणि आयन वेगळे झालेल्या द्रव्यात, ठिणगीची भीती नाही, तो आधीच फाटलेला. तिथे एका मीटरला लाख कोटी, म्हणजे एकावर बारा शून्यं इतके व्होल्ट सहज मिळतात. तेव्हा यंत्र हजारो पटींनी आखूड होणार, टेबलावर मावणार, स्वस्त होणार आणि उद्या रत्नागिरीच्या सिव्हिलमध्येही बसणार. मग तिथल्या मांडवीच्या माणसाला मुंबईच्या टाटाला जायची वेळ येणार नाही.

यातली शेवटची दोन वाक्यं सोडली तर एकेक विधान खरं आहे. म्हणूनच हा पक्ष पंचवीस वर्षं टिकला. वर्तमानपत्रांच्या विज्ञान पुरवण्यांतून, शाळांतल्या विज्ञानदिनाच्या भाषणांतून तो थोड्याफार फरकाने ऐकू येतो. चूक विधानांत नाही, व्याप्तीत आहे. जिथे विद्युतक्षेत्र प्रखर तिथे यंत्र लहान आणि स्वस्त, ही व्याप्ती गृहीत धरली जाते. ती कोणी सिद्ध केलेली नाही.

त्या पत्र्यापाशी नेमकं काय होतं, ते जवळून पाहू. स्पंद असतो पंचवीस-तीस फेम्टोसेकंदांचा. तीस फेम्टोसेकंदांत प्रकाश फक्त नऊ मायक्रॉन जातो, म्हणजे तो स्पंद केसाच्या जाडीहूनही आखूड असलेली प्रकाशाची एक चकती असते. डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये स्पंद आधी ताणायचा, मग वर्धित करायचा आणि शेवटी पुन्हा आवळायचा, ही युक्ती काढली. २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा तिलाच मिळाला. इंदूरच्या राजा रामन्ना प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात १५० टेरावॅटचा असा लेझर आहे. १५० टेरावॅट म्हणजे देशातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या एकत्रित क्षमतेच्या काही शेपट. ऐकून छाती दडपते. पण ही शक्ती टिकते २५ फेम्टोसेकंद. गुणाकार केला तर एका स्पंदातली एकूण ऊर्जा चार ज्यूलही भरत नाही. पाव किलोचा एक हापूस जमिनीवरून उचलून दीड मीटर उंचीच्या फळीवर ठेवायला लागते, तेवढीच. शक्ती आणि ऊर्जा यांतला हा फरक पूर्वपक्षात कुठेच येत नाही. पुढचं अर्धं खंडन त्याच फरकातून निघतं.

प्रकाश प्रोटॉनला थेट ढकलत नाही. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड. आजच्या तीव्रतेला तो जागचा हलतही नाही म्हटलं तरी चालेल. हलतात ते इलेक्ट्रॉन. तीव्रता चौरस सेंटिमीटरला एकावर अठरा शून्यं इतक्या वॅटच्या वर गेली की इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या एका आंदोलनातच प्रकाशवेगाच्या जवळ पोहोचतात, पत्र्याच्या आरपार जातात आणि मागच्या बाजूला ऋणभाराचा एक पडदा तयार करतात. तो पडदा आणि मागे राहिलेला धनभारित पत्रा यांच्यामधलं क्षेत्र म्हणजेच ते मीटरला लाख कोटी व्होल्ट. ते क्षेत्र पत्र्याच्या मागच्या पृष्ठभागावरचे आयन ओढून काढतं, आणि सगळ्यांत हलका म्हणून प्रोटॉन पुढे निघतो.

आता पत्रा सोन्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर हे प्रोटॉन आले कुठून? मळातून. निर्वात पात्रात कितीही स्वच्छता पाळली तरी पत्र्यावर ओलाव्याचा आणि पंपातल्या तेलाच्या वाफेचा काही रेणू जाडीचा थर बसतोच, आणि त्यातला हायड्रोजन हाच या झगमगत्या झोताचा कच्चा माल. त्या थरावर हुकूम चालवणं फार कठीण आहे.

आता गुणाकार. क्षेत्र प्रचंड, पण ते पसरलंय किती लांब? पन्नासेक मायक्रॉन. टिकतं किती वेळ? पिकोसेकंदाच्या आसपास, तेवढ्यात पडदा विरतो. एका मीटरला लाख कोटी व्होल्ट गुणिले पन्नास मायक्रॉन, उत्तर पाच कोटी व्होल्ट. म्हणजे प्रोटॉनला ५० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा. अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या पेटावॅट (हजार टेरावॅट) लेझरवर ५८ एमईव्हीचे प्रोटॉन मिळाल्याचं २००० मध्ये प्रसिद्ध झालं, ते या हिशेबाशी छान जुळतं. जगभर उत्साहाची लाट आली ती तेव्हा. पण ५८ एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात जेमतेम तीन सेंटिमीटर जातो. डोळ्यातल्या गाठीला तो पुरेल. पोटातल्या गाठीला २०० ते २३० एमईव्ही हवेत, तेव्हा कुठे तो पंचवीस-तेहतीस सेंटिमीटर आत पोहोचेल. आणि या पद्धतीत ऊर्जा तीव्रतेच्या वर्गमुळाच्या बेताने वाढते: ऊर्जा दुप्पट हवी तर तीव्रता चौपट. ब्रिटनमधल्या व्हल्कन लेझरने १०० एमईव्हीच्या जवळ पोहोचल्याचं जाहीर केलं ते २०१८ मध्ये. इतकी वर्षं संशोधक झोपले नव्हते. वर्गमूळ आड येत होतं.

‘पण जर्मनीत ड्रेस्डेनला १५० एमईव्ही झाले की,’ असं प्रतिपक्ष म्हणेल, आणि रास्त म्हणेल. २०२४ मध्ये तिथल्या पेटावॅट लेझरवर खरोखरच १५० एमईव्हीपर्यंतचे प्रोटॉन मिळाले. मी तो निकाल कमी लेखत नाही, उलट पुढे माझ्याच बाजूने वापरणार आहे. इथे एवढंच विचारतो, १५० एमईव्हीचे किती? लेझरमधून निघालेल्या प्रोटॉनांची ऊर्जा एकसारखी नसते. थोड्या ऊर्जेचे असंख्य, मध्यम ऊर्जेचे त्याहून बरेच कमी, आणि जो कमाल आकडा मथळ्यात येतो त्या ऊर्जेचे मूठभर. ड्रेस्डेनच्या प्रयोगाची मोठी कामगिरी म्हणजे तिथे वरच्या ऊर्जेचा एक गट उरलेल्यांपासून अलग दिसला. तरी तो एकाच ऊर्जेचा झोत नव्हे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन उभा आहे. त्यातून निघणाऱ्या आयनांच्या ऊर्जेत हजारात एका भागाचाही फरक पडत नाही आणि तो तासन्तास तसाच चालतो. कमाल आकड्यावर तुलना केली तर पेलेट्रॉन म्हातारा वाटेल. पण रुग्णाच्या मज्जारज्जूपासून अर्ध्या सेंटिमीटरवर झोत थांबवायचा असेल तर प्रश्न कमाल ऊर्जेचा उरत नाही, नेमक्या ऊर्जेचा होतो.

मात्रेचा हिशेब आणखी निर्दय आहे. किलोभर ऊतीला २ ग्रे मात्रा द्यायची, म्हणजे तिच्यात २ ज्यूल ऊर्जा टाकायची. चार ज्यूलच्या स्पंदातली एक टक्का ऊर्जा प्रोटॉनांत उतरली, असं धरू. चार शतांश ज्यूल झाले. सगळेच्या सगळे प्रोटॉन उपयोगी पडले तरी पन्नास शॉट लागतील. पण हव्या त्या ऊर्जेचे आणि हव्या त्या दिशेचे वेचायचे तर हाती येतो त्यातला अगदी लहान हिस्सा, कारण हे प्रोटॉन वीसेक अंशांच्या शंकूत फाकतात. मग शॉट शेकड्यांत, कदाचित हजारांत जातात. प्रत्येक शॉटला पत्र्याला भोक पडतं. पुढच्यासाठी कोरा पत्रा मायक्रॉनच्या अचूकतेने त्याच जागी आणायचा. आणि दोन लागोपाठच्या शॉटांत दहा-वीस टक्क्यांचा चढउतार नेहमीचाच, तर किरणोपचारात एकूण मात्रेत दोन-तीन टक्क्यांपलीकडची चूक वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ खपवून घेत नाही. ड्रेस्डेनच्याच चमूने २०२२ मध्ये उंदरांच्या कानावर वाढवलेल्या गाठींना लेझरच्या प्रोटॉनांनी ठरल्याप्रमाणे मात्रा देऊन दाखवली. हे फार मोठं काम आहे. पण गाठ कानावरच का घेतली, याचं उत्तर वर आलंच आहे.

राहिला स्वस्ताईचा मुद्दा. प्रोटॉन केंद्राचा खर्च निव्वळ सायक्लोट्रॉनचा नसतो. दोन मीटर आणि त्याहून जाड काँक्रीटच्या भिंती, गँट्री, उपचाराची आखणी, रुग्णाला रोज मिलिमीटरच्या हिशेबाने त्याच जागी निजवण्याची सोय, आणि हे सगळं चालवणारी माणसं. लेझर आणल्याने यातलं काय कमी होतं? प्रोटॉन कुठूनही आला तरी न्यूट्रॉन उडवतोच, म्हणून भिंती तशाच. गँट्री हलकी होईल असं म्हणतात: प्रकाश आरशांनी वळवायचा आणि प्रोटॉन रुग्णाच्या उशाशी जन्माला घालायचे. कल्पना सुरेख आहे. पण जन्मलेले प्रोटॉन फाकलेले आणि नाना ऊर्जांचे असतात. त्यांना गोळा करायला, गाळायला, वळवायला चुंबकं लागतातच, म्हणजे लोखंड मागच्या दाराने परत आलं. शिवाय ज्याला आपण टेबल म्हणतो ते फक्त शेवटचं पात्र. पेटावॅट लेझर एक अख्खं सभागृह खातो: धूळ नसलेली हवा, बारा महिने एकच तापमान, कंपन झेपणार नाही असे आरसे, निर्वात नळ्या. आमच्या किनाऱ्यावरच्या जून महिन्याच्या दमटपणात ते सांभाळायचं म्हणजे वातानुकूलनाचंच बिल डोळे पांढरे करील.

दुसरीकडे प्रतिस्पर्धी थांबून राहिलेला नाही. अतिसंवाहक चुंबक वापरून पारंपरिक यंत्रच इतकं आटलं की वीसेक टनांचा सिंक्रोसायक्लोट्रॉन थेट गँट्रीवर बसवून सेंट लुईसला २०१३ मध्ये रुग्णावर उपचार सुरू झाले. लेझरने जो शंभर-दोनशे टनांचा राक्षस मारायचा होता तो जुन्याच विद्येने आधीच अर्धा मारला. हे पूर्वपक्षात येत नाही, कारण त्यात तुलना नेहमी उद्याच्या लेझरची कालच्या सायक्लोट्रॉनशी होते.

इथवर खंडन. आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींचाही समाचार घ्यायला हवा. ती म्हणतात, ‘मग हा सगळा पांढरा हत्ती; पेटावॅट असेल त्याने खेळावं, आपल्या छोट्या प्रयोगशाळांनी पैसे का घालवावेत?’ हे मत मला पहिल्याहून जास्त घातक वाटतं, आणि त्याचं उत्तर मुंबईतच आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि एम. कृष्णमूर्ती यांच्या गटांनी अतितीव्र लेझरवर दोन दशकांहून अधिक काळ काम केलं. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर जिवाणूंचे काही थर लिंपले. जिवाणू म्हणजे मायक्रॉनभर लांबीच्या लांबट पेशी. मग त्यावर स्पंद मारला. नुसत्या गुळगुळीत पृष्ठभागातून कार्बनचे आयन जास्तीत जास्त ४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे निघत होते. जिवाणू लिंपलेल्या पृष्ठभागातून, त्याच लेझरने, तशाच तीव्रतेला, ७०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे निघाले. म्हणजे सतरापट! लेझरवर दमडी जास्त न घालता. गुळगुळीत पृष्ठभाग बराचसा प्रकाश परत फेकतो. त्या लांबट पेशींभोवती मात्र विद्युतक्षेत्र एकवटतं, प्रकाश जास्त शोषला जातो आणि इलेक्ट्रॉन अधिक तापतात. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. जिवाणू वाढवायला लागतं ते कोणत्याही सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतं.

दुसरा प्रयोग त्याआधीचा, २०१३ चा. अरगॉन वायूच्या अणूंचे नॅनोमीटर आकाराचे पुंजके घेतले आणि त्यांवर स्पंद मारला. पुंजके फुटले, आयन एमईव्हीपर्यंत पोहोचले, पण वाटेत बाजूच्या पुंजक्यांतल्या उत्तेजित इलेक्ट्रॉनांना उचलून ते जवळजवळ सगळेच पुन्हा भारहीन अणू झाले. वेग तोच. भार नसलेल्या कणाला विद्युतक्षेत्राने वेग देताच येत नाही, त्यामुळे असे वेगवान उदासीन अणू मिळवायला एरवी आधी आयन पळवायचे आणि मग त्यांचा भार काढायचा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. इथे दोन्ही कामं मिलिमीटरभर जागेत झाली. हे सायक्लोट्रॉनला येत नाही, आणि सायक्लोट्रॉनला जे येतं ते याला येत नाही. माझ्या म्हणण्याचा गाभा एवढाच: लेझरचा त्वरक हा मोठ्या त्वरकाचा धाकटा भाऊ नव्हे, त्याची जातच निराळी.

त्याचं बळ कमाल ऊर्जेत नाही, वेळेत आहे. उगमापाशी प्रोटॉनांची अख्खी फौज पिकोसेकंदात निघते आणि मायक्रॉनांत मोजावी अशा जागेतून निघते. त्यामुळे प्लाझ्मातली क्षणभंगुर चुंबकीय क्षेत्रं प्रोटॉनांच्या सावलीने टिपता येतात. प्रोटॉनांच्या दुसऱ्या कुठल्याही त्वरकाला इतका आखूड ‘फ्लॅश’ जमत नाही. सगळी मात्रा क्षणार्धात दिली तर निरोगी ऊतीला इजा कमी होते का, हा गेल्या दशकभरात तापलेला प्रश्नही अशाच झोतांनी तपासता येतो. आणि ड्रेस्डेनच्या १५० एमईव्हीचं मर्म पाहा. मुख्य स्पंदाच्या आधी किंचित प्रकाश गळून पत्र्यावर पडतोच. एरवी त्याला शिव्याच मिळतात. तिथे त्याच गळतीने प्लॅस्टिकचा पातळ पत्रा आधी तापून फुगला, मुख्य स्पंद आला तेव्हा तो पारदर्शक होऊ लागला होता, आणि प्रकाश आत घुसून एकामागून एक अशा टप्प्यांनी प्रोटॉन रेटत गेला. नुसती ताकद वाढवून हे झालेलं नाही. पत्र्याची जाडी, त्याची पूर्वतयारी आणि गळतीचा नेम जमल्याने झालं. मुंबईच्या जिवाणूंनी छोट्या प्रमाणावर जे सांगितलं तेच हे.

आता एक स्थानिक मुद्दा. मांडवीचा किनारा म्हणजे आमचा ‘काळा समुद्र’. मिऱ्याकडच्या पांढऱ्या समुद्रापासून तो रत्नदुर्गाच्या डोंगराने वेगळा झालेला. इथली वाळू काळी, कारण तिच्यात इल्मेनाइट आहे, म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचं ऑक्साइड. आणि यातले बरेचसे अतिलघु लेझर ज्या गुलाबी स्फटिकावर उभे आहेत तो टायटॅनियम-नीलमचा; पीटर मोल्टन यांनी १९८२ मध्ये त्याचा पहिला लेझर केला. कोणी उत्साही म्हणेल, ‘चला, कच्चा माल दारात आहे!’ त्या स्फटिकात हजारातल्या एखाद्या ॲल्युमिनियमच्या जागी टायटॅनियम असतो; बाकी सगळं ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. मूठभर वाळूतला टायटॅनियम कितीतरी स्फटिकांना पुरून उरेल. किंमत त्या मुठीची नाही, भेग आणि बुडबुडा न येऊ देता तो स्फटिक सावकाश वाढवणाऱ्या हातांची आहे. खनिज आहे म्हणून तंत्र येईल आणि क्षेत्र प्रखर आहे म्हणून रुग्णालय येईल, दोन्ही अनुमानं एकाच खोटीची.

रुग्णाचं काय, हा प्रश्न उरतोच. रत्नागिरीहून माणसं टाटाला जातात ती पुष्कळदा मांडवी एक्सप्रेसने (ती मांडवी गोव्याची नदी, आमची नव्हे), आणि महिना-दीड महिना मुंबईत कुणाकडे तरी, नाहीतर धर्मशाळेत काढतात. त्यांतल्या बहुतेकांना प्रोटॉन लागतच नाही. लहान मुलं, कवटीच्या तळाशी किंवा मज्जारज्जूलगत असलेल्या गाठी, अशा निवडक रुग्णांना तो खरा उपयोगी. बाकीच्यांना हवा असतो साधा क्ष-किरणांचा रेषीय त्वरक, तो चालवणारा तंत्रज्ञ आणि मात्रा तपासणारा भौतिकशास्त्रज्ञ, तोही घराजवळ. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने ‘सिद्धार्थ’ नावाचा असा त्वरक देशातच घडवला आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत बसवला. त्याच्यावर मथळे फारसे आले नाहीत, कारण त्यात नवं भौतिकशास्त्र नव्हतं. रुग्णाचा प्रवास कमी होतो तो मात्र अशाच यंत्राने. लेझरच्या प्रयोगशाळेला पैसा द्यावा, भरपूर द्यावा, पण पत्र्यापाशी काय घडतं हे समजून घेण्यासाठी द्यावा. कर्करोगाचं आश्वासन तारण ठेवून घेतलेला पैसा दहा वर्षांनी हिशेब मागतो, आणि तेव्हा चांगलं विज्ञान नाहक खोटं ठरतं.

वाचकाला विनंती एकच. ‘लेझरने प्रोटॉनचा नवा विक्रम’ अशी बातमी पुन्हा दिसली की त्या ऊर्जेचे प्रोटॉन किती होते आणि असे किती शॉट लागोपाठ सारखे आले, हे दोन आकडे तिच्यात शोधा. ते नसतील तर बातमी कमाल ऊर्जेची आहे, उपचाराची नव्हे.